युद्ध, लढाई, चकमक, दंगल: कोणता शब्द कधी वापरायचा?

७ मे २०२५ रोजी भारताने ‘ऑपरेशन सिंदूर’ सुरू केलं आणि १० मे रोजी गोळीबार व लष्करी कारवाई थांबवण्याचं भारत आणि पाकिस्तानमध्ये ठरलं. त्या चार दिवसांत एकाच घटनेला कुणी ‘युद्ध’ म्हटलं, कुणी ‘हल्ला’, कुणी ‘कारवाई’, तर कुणी ‘संघर्ष’. हे शब्द एकाच अर्थाचे नाहीत. कोण कोणाशी लढलं, किती मोठ्या प्रमाणावर लढलं आणि लढणाऱ्याची बाजू योग्य होती का, याबद्दल प्रत्येक शब्द काहीतरी सांगून जातो.

युद्ध, वेढा आणि लढाई

‘युद्ध’ मोठं आणि लांबलेलं असतं. त्यात अनेक लढाया होतात आणि शेवट बहुतेक वेळा तहाने होतो. पहिलं इंग्रज-मराठा युद्ध १७७५ ते १७८२ असं चाललं आणि सालबाईच्या तहाने संपलं. ‘लढाई’ एका ठिकाणची, तास-दोन तासांची किंवा काही दिवसांची. म्हणून १४ जानेवारी १७६१ला झाली ती पानिपतची तिसरी ‘लढाई’.

कोल्हापूरकरांना जवळचं उदाहरण १६६०चं. सिद्दी जौहरने पन्हाळ्याला घातला तो ‘वेढा’, काही महिने चाललेला. शिवाजी महाराज गडावरून निसटल्यावर बाजीप्रभूंनी खिंडीत शत्रूला रोखलं, ती ‘लढाई’. बोलताना हा फरक नेहमी पाळला जात नाही, पण इतिहासाबद्दल लिहिताना तो उपयोगी पडतो.

लढा आणि लढत

हे दोन्ही शब्द ‘लढणे’वरूनच आले, पण त्यांत शस्त्रं असावी लागत नाहीत. ‘लढा’ म्हणजे हक्कासाठी दीर्घकाळ चाललेला प्रयत्न: संयुक्त महाराष्ट्राचा लढा, बेळगावचा सीमालढा. कोल्हापूरच्या हद्दवाढीच्या चर्चेत गडमुडशिंगीसारख्या शहरालगतच्या गावांची नावं येतात. तिथे हद्दवाढीला होणारा विरोध हा ‘लढा’ किंवा ‘आंदोलन’. त्याला ‘युद्ध’ म्हटलं की समोरचा प्रतिस्पर्धी एकदम शत्रू होतो.

‘लढत’ नियमांत होते आणि तिचा निकाल लागतो. खासबाग मैदानातली कुस्ती ही लढत आणि ग्रामपंचायतीची तिरंगी निवडणूक हीसुद्धा लढतच.

बंड की उठाव?

१८४४ साली कोल्हापूर संस्थानात सामानगड आणि भुदरगडच्या गडकऱ्यांनी शस्त्रं उचलली. याला ‘गडकऱ्यांचं बंड’ म्हणतात आणि ‘गडकऱ्यांचा उठाव’ही म्हणतात. घटना एकच, पण ‘बंड’ हा शब्द सत्तेच्या बाजूने बघतो: कुणीतरी आज्ञा मोडली. ‘उठाव’ म्हटलं की आधी अन्याय झाला होता, असं सुचतं.

१८५७बद्दलही हेच. ३१ जुलै १८५७च्या रात्री कोल्हापुरातल्या २७व्या पलटणीचे शिपाई उठले. इंग्रजांच्या लेखी हे ‘शिपायांचं बंड’. सावरकरांनी मात्र १८५७वरच्या आपल्या पुस्तकाच्या नावातच ‘स्वातंत्र्यसमर’ हा शब्द वापरला. जून २०२२मध्ये शिवसेना फुटली तेव्हाही, आपण केलं ते बंड नव्हे, उठाव आहे, असं शिंदे गटातल्या नेत्यांनी सांगितलं.

कायद्यात शब्दाचं वजन आणखी वाढतं. राज्यघटनेच्या कलम ३५२मध्ये आणीबाणीचं एक कारण ‘अंतर्गत अशांतता’ हे होतं. १९७५ची आणीबाणी त्यावरच लागू झाली. १९७८च्या ४४व्या घटनादुरुस्तीने तिथे ‘सशस्त्र बंड’ या अर्थाचे शब्द आले. त्यामुळे नुसत्या अशांततेवरून आणीबाणी लावण्याचा रस्ता बंद झाला.

चकमक

चकमक म्हणजे मुळात ठिणगी पाडणारा दगड. त्यावरून छोट्या, अचानक उडालेल्या सशस्त्र झटापटीला चकमक म्हणू लागले. या शब्दात दोन्ही बाजूंनी वार किंवा गोळीबार झाला, हे गृहीत असतं. त्यामुळे ‘पोलीस चकमकीत ठार’ हे वाक्य नुसती बातमी राहत नाही, तो एक दावा ठरतो. अशा मृत्यूंची स्वतंत्र चौकशी व्हावी, यासाठी सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्याच एका प्रकरणात २०१४ साली मार्गदर्शक सूचना दिल्या. चौकशी पूर्ण होईपर्यंत ‘पोलिसांच्या म्हणण्यानुसार चकमकीत’ असं लिहिणं जास्त बरोबर.

दंगल

हिंदीत ‘दंगल’ म्हणजे कुस्त्यांचा आखाडा. २०१६चा त्या नावाचा चित्रपट कुस्तीवरचाच. मराठीत मात्र हा शब्द ऐकला की जाळपोळ आणि दगडफेक आठवते.

७ जून २०२३ रोजी, समाजमाध्यमांवरच्या स्टेटसवरून वाद झाल्यानंतर, कोल्हापुरात बंद पुकारला गेला. त्यात दगडफेक झाली, पोलिसांनी लाठीमार केला आणि इंटरनेट काही काळ बंद ठेवावं लागलं. अशा दिवशी ‘दंगल पेटली’ एवढाच मेसेज फिरला, तर एका चौकात घडलेलं सगळ्या शहरात घडतंय असं वाटतं. गडमुडशिंगीत बसलेल्या माणसाला शहरातलं आपलं माणूस सुरक्षित आहे का, हेही त्यातून कळत नाही. ‘तणाव’, ‘दगडफेक’, ‘मारहाण’, ‘दंगल’ या वेगवेगळ्या पायऱ्या आहेत. जे घडलं तेवढंच आणि जिथे घडलं त्या जागेसह लिहावं.

शस्त्रसंधी, युद्धबंदी आणि तह

‘शस्त्रसंधी’ म्हणजे गोळीबार थांबवण्याचं ठरणं. त्याने वाद मिटत नाही. ‘तह’ म्हणजे अटींसह झालेला करार. १६६५च्या पुरंदरच्या तहात महाराजांना २३ किल्ले द्यावे लागले. ‘युद्धात जिंकले, तहात हरले’ ही म्हण याच फरकावर उभी आहे.

‘युद्धबंदी’ हा शब्द जपून वापरावा. मराठीत त्याचा अर्थ युद्ध थांबणं, तर हिंदीत युद्धात पकडलेला सैनिक. त्यासाठी मराठी शब्द ‘युद्धकैदी’ आहे. १९७१च्या युद्धानंतर भारताच्या ताब्यात सुमारे ९३ हजार पाकिस्तानी युद्धकैदी होते. हिंदी पोस्ट तशीच मराठीत उतरवली, तर कैद्यांची बातमी शांततेची होऊन बसते.

शेअर करण्याआधी तीन प्रश्न

१. दोन्ही बाजू लढल्या, की एकाच बाजूने हल्ला केला?
२. घटना एका जागेची आहे, की सगळीकडे पसरलेली?
३. शब्द कुणाचा आहे: सरकारचा, पोलिसांचा, एखाद्या पक्षाचा की पाहणाऱ्याचा? तो ज्याचा असेल त्याचं नाव सोबत लिहावं.