दंगलोत्तर क्षेत्रकार्य आणि स्त्रिया (मुंबई)

जातीय दंगलीने होरपळलेल्या वस्त्यांत मदत, पुनर्वसन व सलोख्याचे काम स्त्रियांनी आणि स्त्रियांसोबत करावे, यासाठी विद्यार्थी व नवख्या कार्यकर्त्यांना दिले जाणारे पर्यवेक्षित प्रत्यक्ष काम. मुंबईत ते मुख्यतः समाजकार्य पदवीच्या क्षेत्रकार्यातून (बोलीत ‘फील्डवर्क’), स्त्री-संघटनांतून आणि १९९२-९३ नंतरच्या मोहल्ला समित्यांच्या आधाराने वाढले.

पूर्वपीठिका : या कामाचा आरंभ नागपाड्यात सापडतो. अमेरिकन मराठी मिशनचे क्लिफर्ड मॅनशार्ट यांनी १९२०च्या दशकात तेथे नागपाडा नेबरहूड हाउस हे वस्ती-केंद्र उभारले. एका बाजूला भायखळा-परळचा गिरणगाव आणि दुसऱ्या बाजूला मदनपुऱ्याची मुस्लिम वस्ती, अशी ही जागा होती. फेब्रुवारी १९२९ मध्ये पठाण मुले पळवतात या अफवेवरून गिरणगाव पेटला. शिवडीच्या तेल-कोठारांतील संपात पठाणांना बदली कामगार म्हणून आणल्याचा राग त्यामागे होता. १९३२ मध्ये शहरात पुन्हा दंगल झाली. सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क ही संस्था १९३६ मध्ये याच नागपाडा केंद्रात सुरू झाली आणि मॅनशार्ट तिचे पहिले संचालक झाले. हिंदू-मुस्लिम प्रश्नावरचे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षीचे आहे. भारतातील व्यावसायिक समाजकार्य-शिक्षणाची सुरुवात अशी दंगलीची झळ बसलेल्या भागात झाली. अभ्यासक्रमांच्या इतिहासात या गोष्टीला मिळते त्यापेक्षा अधिक महत्त्व द्यायला हवे. पुढे या संस्थेला टाटा समाजविज्ञान संस्था हे नाव मिळाले आणि १९५४ मध्ये ती देवनारला गेली. फाळणीनंतर तिचे पथक कुरुक्षेत्राच्या निर्वासित छावणीत कामाला गेले होते. मरीन लाइन्स येथील निर्मला निकेतनचे समाजकार्य महाविद्यालय १९५५ मधले. ते स्त्री-धर्मसंघाने काढले.

कार्यपद्धती : विद्यार्थिनीला एखाद्या संस्थेत किंवा वस्तीत नेमले जाते. आठवड्याचे साधारण दोन दिवस तेथे काम, प्रत्येक भेटीची लेखी नोंद आणि पर्यवेक्षकाबरोबर साप्ताहिक चर्चा, असा क्रम असतो. अभ्यासक्रमाच्या अखेरीस सलग काही आठवड्यांचे काम असते, त्याला ‘ब्लॉक’ म्हणतात. या कामाला गुण असतात, पगार नसतो.

दंगलीनंतरच्या वस्तीत यातला मोठा हिस्सा कागदपत्रांचा असतो : जळालेल्या रेशनकार्डाची दुसरी प्रत, पंचनामा, मृत्यूचा दाखला, भरपाईचा अर्ज. घरातला पुरुष मारला गेला, अटकेत असला किंवा गावी निघून गेला, तर हे सारे घरच्या बाईवर येते. पोलीस ठाणे, तहसील कचेरी आणि रुग्णालय यांच्या फेऱ्यांत तिच्याबरोबर जाणे हे क्षेत्रकार्याचे पहिले काम ठरते. सलोख्याच्या बैठका त्यानंतरच्या.

१९९२-९३ : बाबरी मशीद ६ डिसेंबर १९९२ रोजी पाडली गेल्यानंतर मुंबईत डिसेंबरमध्ये आणि पुन्हा जानेवारी १९९३ मध्ये दंगली झाल्या. या दंगलींची चौकशी करणाऱ्या न्या. बी. एन. श्रीकृष्ण आयोगाने मृतांची संख्या ९०० दिली : ५७५ मुस्लिम, २७५ हिंदू, ४५ अनोळखी व ५ इतर. आयोगाचा अहवाल फेब्रुवारी १९९८ मध्ये शासनाला सादर झाला. पोलीस ठाण्यांनुसार तपशील देणाऱ्या त्याच्या खंडात पायधुणी, डोंगरी, नागपाडा, भायखळा, आग्रीपाडा हे दक्षिण-मध्य मुंबईतले भाग येतात.

मृतांखेरीज १६८ जण बेपत्ता होते. सर्वोच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०२२ च्या निकालानुसार त्यांपैकी ६० जणांच्याच कुटुंबांना दोन लाखांची भरपाई मिळाली होती. उरलेल्या १०८ कुटुंबांचा ठावठिकाणा लागला नाही किंवा कागदपत्रांची पूर्तता झाली नाही. न्यायालयाने या वारसांचा शोध घेऊन जानेवारी १९९९ पासून नऊ टक्के व्याजासह भरपाई देण्याचा आदेश दिला. कागदांचे काम दुय्यम मानणाऱ्यांना हा निकाल दाखवावा.

मोहल्ला समित्या : १९८४ च्या दंगलीने पोळलेल्या भिवंडीत पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांनी १९८८ पासून पोलीस व स्थानिक रहिवासी यांच्या मोहल्ला समित्या बांधल्या. १९९२-९३ मध्ये भिवंडी शांत राहिली, त्याचे बरेचसे श्रेय या समित्यांना दिले जाते. मुंबईत १९९४ मध्ये पोलीस आयुक्त सतीश साहनी, माजी पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो आणि सुशोभा बर्वे यांच्या पुढाकाराने अशा समित्या सुरू झाल्या. बर्वे पाचगणीच्या एशिया प्लॅटो केंद्राशी निगडित नैतिक पुनरुत्थान चळवळीतून आलेल्या होत्या. दंगलीनंतर त्यांनी धारावीत काम केले. आधी प्रत्येक समाजाचे म्हणणे वेगळे ऐकायचे, मग दोन्ही समाजांना एकत्र बसवायचे आणि नंतर पोलिसांसमोर आणायचे, ही त्यांच्या कामाची रीत होती. या अनुभवांवर त्यांनी हीलिंग स्ट्रीम्स हे इंग्रजी पुस्तक लिहिले. पुढे त्यांनी काश्मीरमध्ये, विशेषतः स्त्रियांमध्ये, संवादाचे काम केले. अभ्यासासाठी त्यांच्या धारावीतील कामाइतके उपयुक्त दुसरे उदाहरण शहरात नाही.

वादाचे मुद्दे : समित्या पोलीस ठाण्याच्या छत्राखाली असल्याने त्यांच्या स्वायत्ततेबद्दल शंका घेतल्या गेल्या. स्त्रिया स्वभावतःच शांततावादी असतात, या गृहीतकाला मुंबईच्या अनुभवाने धक्का दिला. शिवसेनेच्या महिला कार्यकर्त्यांवर अत्रेयी सेन यांनी केलेला अभ्यास (२००७) हिंसेतील स्त्रियांच्या भूमिकेची चर्चा करतो. या भूमिकेच्या व्याप्तीबद्दल एकमत नाही. फ्लेव्हिया ॲग्नेस यांनी दंगलीनंतर स्त्री-चळवळीच्या धर्मनिरपेक्षतेचीच फेरतपासणी मांडली.

स्त्री-संघटना : आवाज-ए-निसवाँ (मुस्लिम स्त्रियांमध्ये काम), मजलिस (कायदेशीर मदत), दादरची अक्षरा (युवक-युवतींचे प्रशिक्षण).

इतरत्र : दिल्लीची विस्कॉम्प ही संस्था १९९९ पासून स्त्रिया, सुरक्षा व शांतता या विषयांत अभ्यासवृत्ती आणि प्रशिक्षण देते. टाटा समाजविज्ञान संस्थेच्या गुवाहाटी केंद्रात शांतता व संघर्ष-अभ्यासाचा पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने ३१ ऑक्टोबर २००० रोजी ठराव १३२५ संमत करून शांतताप्रक्रियेत स्त्रियांचा सहभाग सदस्य-राष्ट्रांपुढे ठेवला. भारताने २००७ मध्ये लायबेरियातील शांतिमोहिमेत केवळ स्त्रियांची पोलीस तुकडी पाठवली. ठराव १३२५ साठीचा राष्ट्रीय कृती-आराखडा मात्र भारताने स्वीकारलेला नाही.