टपालाच्या थैलीवर वाढलेलें राजकुल

उत्तर इटलींत, बेर्गामो शहराच्या वरच्या बाजूस, ब्रेंबो नदीच्या खोऱ्यांत कोर्नेल्लो नांवाचें लहानसें डोंगरी खेडें आहे. तास्सो घराणें मूळचें तेथलें. तास्सो म्हणजे बीळ उकरून राहणारें एक रानटी जनावर. तेंच त्यांच्या ढालीवरचें चिन्ह. कवि तोर्क्वातो तास्सो याच कुळांतला. परंतु कुळाचा धंदा काव्याचा नव्हे, जासुदाचा.

१४९० मध्यें मॅक्सिमिलियन राजासाठीं या घराण्यानें इन्सब्रुकपासून नेदरलंड्सपर्यंत टप्प्याटप्प्यावर ताजे घोडे व स्वार ठेवून डाक सुरू केली. १५०५ च्या करारांत फ्रान्स फॉन टाक्सिस यानें ब्रुसेल्सचें पत्र इन्सब्रुकला उन्हाळ्यांत साडेपांच, तर हिवाळ्यांत साडेसहा दिवसांत पोंचविण्याचें पत्करलें. राजांचीं गुपितें थैलींत; तीं परक्याच्या हातीं कशीं द्यावींत? म्हणून मोक्याच्या ठिकाणीं भाऊ, पुतणे बसविले. ऑग्सबुर्ग, व्हेनिस, रोम, माद्रिद येथील शाखा फुटल्या त्या अशा. घराणीं सहसा भाऊबंदकीनें पांगतात. हें विश्वासानें पांगलें. स्पेनमधील शाखा व्हिल्यामेदियानाच्या काउंटपदास चढली. तिच्यांतील दुसरा काउंट, तोहि कवीच, १६२२ मध्यें माद्रिदच्या रस्त्यांत मारला गेला.

ब्रुसेल्सच्या थोरल्या शाखेस १६१५ मध्यें साम्राज्याच्या डाकेचें मुख्याधिकारपद वंशपरंपरेनें मिळालें. पुढें तीस वर्षांच्या युद्धाच्या धुमाळींत आलेक्सांद्रिना या विधवेनें १६२८ पासून १६४६ पर्यंत कारभार रेटला. दरबारांत मात्र जासुदाच्या कुळाला मान कमी. तेव्हां तिनें वंशावळकार लावले. भाट सर्वत्र सारखेच! त्यांनीं तास्सोंचा संबंध एके काळीं मिलानवर राज्य करणाऱ्या तोर्रियानी कुळाशीं जुळविला. पुरावा लंगडाच होता. तरी १६५० मध्यें सम्राटानें ‘थुर्न उंड टाक्सिस’ हें नांव मान्य केलें. तोर्रे म्हणजे मनोरा. थुर्न हें त्याचें जर्मन रूप. १६९५ मध्यें प्रिन्सपदहि आलें. पुढें बिऱ्हाड फ्रांकफुर्टला व तेथून रेगेन्सबुर्गला गेलें. १८६७ मध्यें प्रशियानें तीस लक्ष थालर देऊन त्यांची डाक ताब्यांत घेतली.

बोहेमियांत गेलेल्या शाखेकडे त्रिएस्तेजवळचा दुइनोचा किल्ला आला. रिल्के कवीनें १९१२ मध्यें आपलीं विलापगीतें तेथेंच आरंभिलीं. पहिल्या महायुद्धानंतर तो मुलूख इटलीकडे गेला आणि १९२३ मध्यें तेथील प्रिन्स इटालियन नागरिक झाला. त्याबरोबर टाक्सिसचें पुन्हां तास्सो झालें. नवें नांव ‘देल्ला तोर्रे ए तास्सो’. वंशावळकारांनीं जोडलेला मनोरा त्यांत तसाच राहिला.