दाझेशियांगचे बंड : सहा महिन्यांचा उठाव

चीनचा पहिला सम्राट शी हुआंगदी इ.स.पू. २१० मध्ये निधन पावला आणि छिन साम्राज्याची सूत्रे त्याच्या दुर्बळ पुत्राकडे गेली. पुढच्याच वर्षी सीमारक्षणासाठी सक्तीने भरती केलेली ९०० माणसांची एक तुकडी उत्तरेकडील युयांगच्या दिशेने निघाली. आजच्या आन्हुइ प्रांतातील दाझेशियांग येथे अतिवृष्टीने वाट बंद पडली. ठरल्या दिवशी पोहोचणे अशक्य झाले.

सिमा छियेन या इतिहासकाराच्या मते, अशा विलंबाला देहदंडाची शिक्षा होती. पळून गेले तरी मृत्यू आणि बंड केले तरी मृत्यू, असा विचार करून चेन शेंग आणि वू ग्वांग या तुकडीतील दोन नायकांनी अधिकाऱ्यांना ठार केले. त्यापूर्वी ‘चेन शेंग राजा होणार’ असे लिहिलेले रेशमी वस्त्र माशाच्या पोटात दडवून त्यांनी सोबत्यांच्या मनात दैवी संकेताचा विश्वास निर्माण केला होता.

शेतमजुरी केलेला चेन शेंग लवकरच राजा म्हणून घोषित झाला. त्याची एक फौज राजधानी शियानयांगच्या जवळ जाऊन थडकली. तेव्हा छिन सेनापती झांग हान याने सम्राटाच्या समाधीच्या बांधकामावरील कैद्यांच्या हाती शस्त्रे देऊन तिचा पराभव केला. बंडखोरांत फूटही पडली होती. वू ग्वांगला त्याच्याच सहकाऱ्याने मारले. चेन शेंगने एका जुन्या सोबत्याचा वध करवल्याने जवळची माणसे दुरावली. सुमारे सहा महिन्यांतच स्वतःच्या सारथ्याकडून त्याची हत्या झाली.

बंडाच्या मूळ कारणाविषयी मात्र आता प्रश्न उपस्थित होतो. हुबेइ प्रांतातील शुइहुदी येथे १९७५ मध्ये सापडलेल्या बांबूपट्ट्यांवरील छिन कायद्यात वेठबिगारीच्या कामावर उशिरा येणाऱ्यांस ताकीद किंवा ढाल, चिलखत यांच्या रूपाने दंड सांगितला आहे. पावसाने अडथळा आल्यास सूटही आहे. हा नियम सीमेवरील सैनिकांना लागू होता काय, यावर अभ्यासकांत मतभेद आहेत.

चेन शेंगने पेटवलेला वणवा मात्र विझला नाही. इ.स.पू. २०६ पर्यंत छिन सत्ता कोसळली. नंतर हान घराण्याचा संस्थापक ल्यू बांग याने त्याच्या समाधीच्या राखणीसाठी ३० कुटुंबे नेमली.