रेंजर साहेबांचं ऑफिस आलं कुठून? जंगल खात्याच्या नाक्याचा जुना इतिहास

दिंद्रुड : रानडुकरांनी ज्वारी लोळवली की आपण म्हणतो, रेंजर ऑफिसला जा. सरकारी कागदावर त्याचं नाव वनपरिक्षेत्र कार्यालय. पण हे ऑफिस सुरू झालं ते पिकासाठीही नाही आणि जनावरांसाठीही नाही, तर लाकडासाठी.

मुंबईच्या गोदीत जहाजं बांधायला सागवान लागायचं आणि जंगलं झपाट्यानं तुटत होती. म्हणून १८४७ साली मुंबई इलाख्यात अलेक्झांडर गिब्सन यांना वनसंरक्षक नेमलं. हा माणूस मूळचा डॉक्टर, पुण्याजवळच्या दापोडीची सरकारी बाग सांभाळणारा. पुढं १८५३ ला मुंबई-ठाणे रेल्वे धावली आणि रुळाखालच्या स्लीपरसाठी लाकडाची मागणी आणखी वाढली. १८६४ ला देशाचं वन खातं उभं राहिलं. त्याचे पहिले प्रमुख डिट्रिच ब्रँडिस, जर्मन माणूस. १८७८ मध्ये डेहराडूनला रेंजर तयार करणारी शाळा निघाली. त्याच साली नवा जंगल कायदा आला आणि राखीव जंगलात चराई, सरपण, पालापाचोळा सगळ्यालाच परवानगी लागायला लागली.

गावाचा आणि नाक्याचा वाद तिथूनच सुरू झाला. जंगल खात्यानं गायरानं गिळली, गरिबाची जनावरं कुठं चरायची, हे महात्मा फुल्यांनी १८८३ च्या 'शेतकऱ्याचा असूड' मध्ये रोखठोक मांडलंय. २५ सप्टेंबर १९३० ला रायगडातल्या चिरनेरला जंगल सत्याग्रहात गोळीबार झाला, माणसं गेली.

आपला बीड जिल्हा तेव्हा निजामाकडं. त्यामुळं इंग्रजांचा कायदा इथं थेट लागू नव्हता. हैदराबाद संस्थानचं जंगल खातं वेगळं, कायदाही वेगळा. त्यातला शेवटचा फसली १३५५ चा, म्हणजे इसवी १९४५-४६ चा. मुक्तिसंग्रामात मराठवाड्यात लोकांनी शिंदीची झाडं तोडली, कारण शिंदीचा महसूल निजामाच्या तिजोरीत जायचा. करोडगिरीचे नाकेही जाळले. (करोडगिरी म्हणजे जकात, जंगलाचा नाका वेगळा. जुनी माणसं सांगताना दोन्हींची गल्लत करतात.) १७ सप्टेंबर १९४८ नंतर निजामाची सत्ता संपली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात आला.

आता कामाचं. रेंजरच्या हाताखाली परिमंडळाचा वनपाल, त्याच्या खाली नियतक्षेत्राचा वनरक्षक, ज्याला आपण गार्ड म्हणतो. पीक गेलं, शेळी-वासरू गेलं तर आधी गाठायचा तो गार्ड. पंचनामा होईपर्यंत जनावराचं मढं हलवू नका, शेताचे फोटो काढा आणि अर्ज लगेच द्या, कारण मुदत मोजक्या दिवसांचीच असते. बिबट्या दिसला तर जवळ जाऊन व्हिडिओ काढत बसू नका. आष्टी तालुक्यात २०२० साली बिबट्यानं माणसं मारली, ते विसरू नका. वन विभागाची हेल्पलाइन १९२६ आहे.