मॉड वेस्ट : एका खाजगी हेर स्त्रीची दोन नावे

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लंडनच्या वृत्तपत्रवाचकांना मॉड वेस्ट हे नाव चांगले परिचित होते. इ. स. १९०५ मध्ये या स्त्रीने खाजगी हेरगिरीचा व्यवसाय आरंभिला व १९३९ पर्यंत तो चालविला. लंडनच्या महानगर पोलीस दलातील स्त्रियांची गस्त १९१९ मध्ये सुरू झाली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्या धाडसाची कल्पना येते. पुरुषवेषातील तिची छायाचित्रे आणि पाठलागाच्या थरारक हकिकती नियतकालिकांतून प्रसिद्ध होत.

तथापि या व्यवसायाचे मूळ साहसाच्या हौसेपेक्षा कायद्यात शोधणे अधिक युक्त होय. इंग्लंडमधील १८५७ च्या कायद्यान्वये पतीला घटस्फोटासाठी पत्नीचा व्यभिचार सिद्ध करणे पुरेसे होते. पत्नीला मात्र त्याच्या जोडीला क्रौर्य, परित्याग यांसारखा आणखी एखादा अपराध सिद्ध करावा लागे. भारतातील ख्रिस्ती विवाहांना लागू झालेल्या १८६९ च्या कायद्यातही हाच भेद उतरला व तो २००१ पर्यंत टिकला. इंग्लंडमध्ये तो १९२३ मध्ये दूर झाला. परंतु १९३७ चा कायदा होईपर्यंत व्यभिचाराचा पुरावा अटळच होता. असा पुरावा म्हणजे पाळत ठेवून न्यायालयात साक्ष देणारा त्रयस्थ मनुष्य. हॉटेलात वा परक्या घरी एखादी स्त्री वावरली तर सहसा कोणास संशय येत नसे. स्त्री-हेराला मागणी होती ती यामुळे.

सुझॅना स्टेपलटन यांच्या २०१९ च्या ग्रंथामुळे या चरित्राची दुसरी बाजू उजेडात आली. मॉड वेस्ट हे केवळ व्यावसायिक नाव होते. १८८० मध्ये जन्मलेली एडिथ मारिया बार्बर विवाहानंतर एलियट झाली व सहा अपत्यांची माता बनली. तिने उभारलेल्या जाहीर प्रतिमेत या संसाराला स्थान नव्हते.

येथे साधनांच्या परीक्षणाचा प्रश्न उपस्थित होतो. तिच्या हकिकती ही मुळात व्यवसायाची जाहिरात होती. त्यांतील साहसे अक्षरशः खरी मानता येत नाहीत. उलट जन्म-विवाहाच्या नोंदी रुक्ष असल्या तरी त्या विकण्यासाठी लिहिलेल्या नव्हत्या. हकिकतींतून केवळ धाडसी स्त्री दिसते, नोंदींतून केवळ गृहिणी. दोन्ही एकत्र ठेवल्यावाचून व्यक्ती दिसत नाही.

संसार आणि जोखमीचा व्यवसाय यांचा मेळ तिने कसा घातला, याचे उत्तर बहुधा या दोन नावांतच आहे. जिच्या साक्षीने कोणाचा तरी संसार न्यायालयात मोडावयाचा, तिने स्वतःचे घर लोकांच्या दृष्टीआड ठेवावे, हे अनुमान अयोग्य ठरणार नाही. शिवाय सहा मुलांची आई अशी ओळख पक्षकारांना आश्वासक वाटली असती, असेही नाही. गुप्तता ही तिच्या व्यवसायाची गरज होती, तशीच तिच्या गृहस्थाश्रमाचीही. १९६४ मध्ये तिचे निधन झाले. स्त्रियांच्या श्रमांचा इतिहास लिहिताना जाहीर प्रतिमेलाच पुरावा मानले, तर त्यांच्या श्रमांचा निम्मा भाग हिशेबाबाहेर राहतो, ही गोष्ट या उदाहरणावरून स्पष्ट होते.