खडू-फळा आणि कुलूपबंद पेटी

शाळेस छप्पर व शिक्षक मिळाला की सरकारचे कर्तव्य संपले, अशी समजूत आपल्याकडे फार काळ होती. मुलाने स्वतः हाताळावयाच्या साधनांसाठीही सार्वजनिक तिजोरीतून पैसा हवा, ही गोष्ट देशव्यापी प्रमाणावर मान्य झाली ती 1986 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने. त्यातून 1987-88 साली निघालेली ‘खडू-फळा’ योजना आपल्या ज्ञातीतील शिक्षकवर्गास परिचित आहेच. दोन खोल्या, दोन शिक्षक (पैकी शक्यतो एक स्त्री) आणि नकाशे, खेळणी, विज्ञानपेटी इत्यादी साहित्य, असे तिचे स्वरूप होते. साहित्याचा खर्च केंद्र सरकारने उचलला.

परंतु पेटी शाळेत पोहोचणे निराळे आणि मुलाच्या हाती पडणे निराळे. वस्तू जडसंग्रहाच्या नोंदवहीत चढली, की फुटलेल्या भिंगाचा जाब शिक्षकाने द्यावयाचा! म्हणून अनेक ठिकाणी पेट्या कपाटातच राहिल्या. याचा सर्व दोष शिक्षकाच्या माथी मारणे आम्हांस अन्यायाचे वाटते.

वास्तविक दुसरा मार्ग ताराबाई मोडक यांनी 1945 पासून बोर्डी येथे दाखविला होता. माँटेसरी पद्धतीची महागडी साधने खेड्यास परवडणारी नव्हेत, हे ओळखून त्यांनी व अनुताई वाघ यांनी बिया, शिंपले, पाने, खडे यांचीच शिक्षणसाधने केली. त्यांतले काही हरवले, तरी कोणाला हिशेब द्यावयाचा नव्हता.

पुढे 2001 साली सुरू झालेल्या सर्व शिक्षा अभियानात शिक्षकास अशा साहित्यासाठी वर्षाला 500 रुपये देण्याची तरतूद झाली. रक्कम अल्पच, मात्र त्यातून काय घडवावे, हे वर्गातील शिक्षकाने ठरवावयाचे होते.