लोकलच्या पोटातली वीज

लोकल सुटताना आपल्याला गर्दी दिसते, भोंगा ऐकू येतो. डब्याखाली त्या क्षणी काय घडते, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

मुंबईत विजेवरची पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटीहून हार्बर मार्गाने कुर्ल्याला गेली. उद्‌घाटन गव्हर्नर सर लेस्ली विल्सन यांनी केले. डोक्यावरच्या तारेत १५०० व्होल्टची डीसी वीज होती, म्हणजे एकाच दिशेने वाहणारी. वीजघरातून येणारी वीज मात्र एसी, सतत दिशा बदलणारी. (इथे एसी म्हणजे गार डबा नव्हे!) मग एसीचे डीसी करण्याचा खटाटोप कशासाठी?

उत्तर मोटारीत आहे. डीसी सीरीज मोटार जागेवरून निघतानाच भरपूर जोर लावते. माणसांनी खच्चून भरलेली गाडी हलवायला हाच गुण हवा. म्हणून रुळांलगतच्या उपकेंद्रांत विजेचे रूपांतर होई. विद्युत रेल्वेच्या आरंभीच्या काळात त्यासाठी फिरती यंत्रे असत. पुढे पाऱ्याचे आणि नंतर सिलिकॉनचे रेक्टिफायर आले.

मोटार सुरू करणे मात्र नाजूक काम. ती फिरू लागली की स्वतःच उलटा दाब निर्माण करते आणि प्रवाहाला आवर घालते. उभ्या मोटारीत हा दाब नसतो. तिला एकदम पूर्ण वीज दिली तर वेटोळी जळायची. म्हणून आधी मोटारी एकापुढे एक जोडायच्या, वाटेत रोधक घालायचे, वेग येईल तसतसे ते एकेक करून वगळायचे आणि शेवटी मोटारी समांतर जोडायच्या. जुन्या लोकलला सुटताना बसणारे हलके हिसके याच पायऱ्यांचे. रोधकांतली वीज मात्र उष्णता होऊन वाया जाई.

मोटरमनची मूठ हा मोठा प्रवाह स्वतः हाताळत नसे. ती कमी दाबाचा इशारा देई आणि प्रत्येक मोटार-डब्याखालचे कॉन्टॅक्टर एकदम काम करीत. ही युक्ती फ्रँक स्प्रेग यांनी १८९७ मध्ये शिकागोत वापरात आणली. डीसी जोडण्यापेक्षा तोडणे अवघड. ५० हर्ट्‌झची एसी सेकंदाला शंभरदा शून्यावर येते, त्यामुळे ठिणगी विझायला संधी मिळते. डीसीत ती तेवत राहते. चुंबकाच्या साह्याने तिला ताणून विझवावे लागते.

शहर वाढले, डबे नऊ झाले, बारा झाले. दाब कमी असल्याने प्रवाह हजारो अँपिअरवर जाई. त्यासाठी जाड तारा हव्यात आणि जवळजवळ उपकेंद्रे. २५,००० व्होल्टच्या एसीवर तेवढ्याच शक्तीला सुमारे सतरावा हिस्सा प्रवाह पुरतो. पण बदल करायचा कसा? मुंबईची लोकल एक दिवसही बंद ठेवता येत नाही. म्हणून दोन्ही विजांवर धावणाऱ्या गाड्या आल्या. रुळांलगतचा रेक्टिफायर आता गाडीत बसून प्रवास करू लागला. पश्चिम रेल्वेचे काम २०१२ मध्ये, मध्य रेल्वेच्या मुख्य मार्गाचे २०१५ मध्ये पूर्ण झाले. एप्रिल २०१६ मध्ये डीसीने निरोप घेतला तो हार्बर मार्गावर, जिथून ती आली होती.

डीसी मोटारही हळूहळू मागे पडली. २००७ पासून धावू लागलेल्या नव्या गाड्यांत थ्री-फेज एसी मोटारी आहेत. त्या ब्रेक लावताना वीज तारेला परत देतात. पण गंमत अशी, की तारेतली एसी आधी डीसी होते आणि मग हव्या त्या वारंवारतेची एसी होऊन मोटारीत जाते. तारेतून गेलेली डीसी डब्याखाली अजून राबतेच आहे. उद्या लोकल हिसका न देता सुटली, तर तिची आठवण ठेवावी.